देवगिरीचे ताल, छावणीतला पियानो
ओलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचं नाव निघालं की मला आधी आठवते ती १५ जानेवारी १९४१ ची संध्याकाळ. ग्यॉर्लिट्झची जर्मन युद्धबंदी छावणी, हाडं गोठवणारी थंडी, बराकीत दाटीवाटीनं बसलेले कैदी. पुढ्यात क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि दाबलेल्या पट्ट्या वर न येणारा एक जुनाट पियानो. पियानोवर कैदी मेसियाँ स्वतः, वय ३२. काळाच्या अंतावरची त्याची चार वाद्यांची रचना त्या रात्री पहिल्यांदा वाजली. पहिल्याच भागात क्लॅरिनेट नि व्हायोलिन पहाटेच्या पाखरांसारखी बोलतात आणि खाली पियानो एकच लय फिरवत राहतो. ती लय बांधली आहे रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तालांवर! हे ताल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले, म्हणजे तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या आश्रयानं लिहिलेल्या ग्रंथातले. त्यातल्या १२० देशी तालांची यादी मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि त्यानं ती जिवापाड जपली. १९३१ पासून १९९२ साली मरेपर्यंत तो पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक होता. एरवी वही घेऊन रानोमाळ पाखरांचं गाणं टिपत हिंडायचा. पुढच्या वेळी दौलताबादला, म्हणजे त्याच देवगिरीला, जाल तेव्हा छावणीतल्या त्या रचनेचा पहिला भाग कानात घालून किल्ला चढा. जेमतेम तीन मिनिटांचा आहे.