अलार्म बंद कोणी केला?

यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘आवाज’. भजनी मंडळांची खंजिरी, हिंगणघाटच्या कापूस बाजारातला लिलावाचा पुकारा, गावोगावी बदलत जाणारे बोलीचे हेल, असे पुष्कळ काही आतल्या पानांवर आहे. संपादकीयात मात्र न वाजणाऱ्या एका आवाजाबद्दल लिहायचे आहे, आणि ते संतापून लिहायचे आहे. वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, कुठल्याही गावच्या लॉजमध्ये, मंगल कार्यालयात किंवा शिकवणी वर्गात शिरल्यावर वर बघावे. अनेक ठिकाणी छताला धूर ओळखणारी पांढरी चकती दिसते, जिन्यापाशी काचेची लाल डबी आणि काउंटरमागे दिव्यांचे पॅनेल. चालू आहे का, असे विचारले की उत्तर येते, ‘उगाच वाजत राहायचा, म्हणून बंद करून ठेवला.’ हे वाक्य वर्षभर कानांत घुमते आहे.

वर्षाचा आढावा दोन ओळींत आटोपतो. विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक आणला, शिवरायांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याची उभी पिके नेली. पुन्हा त्या पॅनेलकडे येऊ.

‘उगाच’ वाजण्याला कारण असते. चकतीच्या आत एक अंधारी पोकळी असते आणि तिच्यात प्रकाशाचा बारीक झोत. धुराचे कण आत शिरले की तो विखुरतो, विखुरलेला प्रकाश बाजूच्या संवेदकावर पडतो आणि पॅनेलला इशारा जातो. धूळ, कोळिष्टके, आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ यांनीही तेच होते. म्हणून चकत्या ठरावीक काळाने साफ कराव्या लागतात, आणि स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारी चकती बसवावी लागते. फोडणीच्या धुराने अलार्म वाजत असेल तर चूक फोडणीची नाही, बसवणाऱ्याची आहे. ती दुरुस्त करायची सोडून आपल्याकडे वायर काढली जाते.

छतावरच्या आग विझवणाऱ्या फवाऱ्यांबद्दलही असाच गैरसमज आहे. एक फुटला की सगळ्या खोल्या भिजतील, गाद्या जातील, अशी मालकांना धास्ती असते. प्रत्येक फवाऱ्याच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची कुपी असते. लाल रंगाची कुपी ६८ अंशांच्या आसपास फुटते, आणि जिथे ती तापली तेवढाच फवारा सुरू होतो. चित्रपटांत दिसणारा छतभर पाऊस नेहमीच्या हॉटेलात पडत नाही.

२९ एप्रिलला कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या ऋतुराज हॉटेलात आग लागली आणि १४ जण गेले. बहुतेक जण भाजून नाही, गुदमरून गेले. अलार्म आणि फवारे चालले नव्हते आणि अग्निसुरक्षेच्या दाखल्याची मुदत कधीच संपली होती, हे नंतर पुढे आले. मुंबईत कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले, त्यांतले कित्येक जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरलेले होते. धूर आला की वासाने जाग येईल, अशी आपली समजूत असते. झोपेत नाक जागे नसते, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. झोपलेल्याला उठवायला फक्त आवाज उरतो.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगीच्या रुग्णालयात यवतमाळ, चंद्रपूरपासून पार तेलंगणापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्या नातलगांतले बरेच जण जवळपासच्या लॉजमध्ये एका खोलीत चौघे, पाच जण राहतात. थकून झोपलेली ही माणसे. दुसरा जिना कुठे आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते, अनेकदा तो नसतोच. खिडकीला लोखंडी जाळी पक्की बसवलेली, खाली रात्री सरकत्या दाराला कुलूप, चावी मॅनेजरच्या खिशात. अशा ठिकाणी अलार्म बंद ठेवणे ही हयगय नव्हे, गुन्हा आहे, आणि या अंकाला तो शब्द सौम्य करायचा नाही.

सरकारी इमारतींची गोष्ट अधिक क्लेशाची. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षात आग लागली. १० बाळे गेली, त्यांतली ७ धुराने. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. आदेश आणि ही आग यांत दहा महिने होते. आणि आता हा अंक छपाईला जात असताना, ५ ऑक्टोबरच्या रात्री, जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या आगीत रुग्णांचे जीव गेले.

वर्धा जिल्ह्याला हे दुरून सांगायची गरज नाही. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, आगरगावसारखी भोवतालची गावे रातोरात रिकामी झाली. १९ जण गेले आणि त्यांत दोन लष्करी अधिकाऱ्यांबरोबर आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी होते. दारूगोळा भांडारांतली अग्निशमनाची साधने आणि माणसे कमी पडतात, हे महालेखापरीक्षकांनी आदल्याच वर्षी अहवालात नोंदवले होते. इशारा लेखी मिळाला होता. पुलगावातल्या कित्येक घरांत त्या रात्रीची आठवण आजही निघते, आणि म्हणूनच याच जिल्ह्यात अलार्मची वायर काढलेली पाहिली की चीड येते. आग लवकर कळली नाही तर विझवणाऱ्याला ती मोठी झाल्यावरच गाठावी लागते.

१४ एप्रिलला सुरू होणारा अग्निशमन सेवा सप्ताहसुद्धा अशाच माणसांच्या स्मरणार्थ आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरलेल्या होत्या. आग विझवणारे ६६ जवान गेले. आपल्याकडे या सप्ताहात एक प्रात्यक्षिक होते, छायाचित्र छापून येते.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. यंत्रणा बसवण्याची आणि ती चालती ठेवण्याची जबाबदारी तो इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकतो. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. तरतूद चांगली आहे. पण तो कागद फाइलमध्ये जातो, आणि ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे त्या पाहुण्याला तो कधीच दिसत नाही.

मागणी साधी आहे. प्रमाणपत्राची प्रत दर्शनी दारावर लागावी, तपासणीची तारीख आणि पुढची तारीख ठळक लिहिलेली असावी. नगरपालिकांनी ती यादी आपल्या फलकावर लावावी. जिथे सगळी यंत्रणा परवडत नाही अशा छोट्या लॉजमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या सुट्या चकत्या तरी प्रत्येक खोलीत आणि जिन्यात असाव्यात, त्यांना वायरिंगही लागत नाही. रात्री मुख्य दाराची चावी काउंटरवरच्या माणसाच्या हाताशी राहावी. दिवाळीचा माल जिन्यात रचणाऱ्या दुकानदारांना व्यापारी संघटनांनी स्वतः अडवावे.

ग्राहकांचाही वाटा आहे. चाचणीसाठी अलार्म वाजवला की झोपमोड झाली म्हणून काउंटरवर भांडणारे आपणच असतो. लग्नासाठी कार्यालय ठरवताना जेवणाच्या ताटाचा दर चार वेळा विचारतो, मागचे दार उघडे असते का हे एकदाही नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांनी आजवर या संपादकीयांना उत्तरे पाठवली आहेत, रागावून आणि प्रेमाने. यंदा एक काम करावे. जानेवारीचा महिना संपला की आपल्या गावातले वाचनालय, शाळा, दवाखाना आणि एखादे मंगल कार्यालय इथे जाऊन प्रमाणपत्राची तारीख विचारावी, अलार्म चालू आहे का ते बघावे आणि गावाच्या नावासह कळवावे. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, आठही तालुक्यांतून आलेली पत्रे पुढच्या अंकात छापायची आहेत, आणि त्यासाठी पाने आजच राखून ठेवली आहेत.