सर्व्हर डाऊन असेल, तर पोच तरी द्या

परवा रात्री साडेनऊला बातमी पाठवायला बसलो आणि लॅपटॉप म्हणाला, ‘ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ हे ॲडमिनिस्ट्रेटर बसतात नागपूरला. दुपारी तिकडूनच त्यांनी काहीतरी सेटिंग बदललं होतं. वर्ध्यातल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात साधा प्रिंटरसुद्धा त्यांच्या पासवर्डशिवाय हलत नाही. फोन लावला, उचलला नाही. शेवटी मोबाईलवर अंगठ्याने सगळी बातमी पुन्हा टाईप केली आणि व्हॉट्सॲपवर पाठवली. सकाळी छापून आली. आमचं भागलं, कारण आम्हाला दुसरा रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयात सेलू तालुक्यातले एक काका भेटले. तिसरा हेलपाटा. “सर्व्हर डाऊन हाय म्हणते. तिकडं वेचाईले बाया लागल्या, अन् मी इथं बसून हाय.” खिडकीतल्या बाबूवर चिडून उपयोग नव्हता. तोही बिचारा पडद्यावरचं गोल फिरणारं चक्र बघत बसला होता. त्याचा ॲडमिनिस्ट्रेटर तर नागपूरच्याही पलीकडे!

काकांना विचारलं, पोच घेतली का? “पोच कायची देते जी, अर्जच चढला नाही तं.”

मेख इथे आहे. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची. नाही दिली तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. पण मुदत मोजायची अर्ज मिळाल्यापासून. संगणकाने अर्ज घेतलाच नाही, तर मुदत सुरूच होत नाही. मग अपील कशाचं करणार? कागदोपत्री सगळं वेळेत. काकांचे तीन दिवस, तीन वेळचं एसटीचं भाडं कुठल्याच रजिस्टरात नाही.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राऊडस्ट्राईक कंपनीचं एक अपडेट चुकलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर तेव्हा कर्मचाऱ्यांनी पेन काढलं आणि बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून दिले. लोक त्या पासवर विमानात बसले. विमानवाल्याला पेनाने लिहिलेलं चालतं, मग एसटीने आलेल्याला का नाही?

म्हणून मागणी एवढीच: सर्व्हर बंद असेल तर अर्ज कागदावर घ्या, तारीख-वेळ टाकून शिक्क्यासह पोच द्या आणि मुदत त्याच दिवसापासून धरा. नेट आलं की चढवा. याला ना टेंडर लागत, ना नवं ॲप.

या मागणीचं निवेदन सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देतोय. ज्यांचे असे हेलपाटे झाले असतील त्यांनी काम कोणतं आणि तारखा कोणत्या, तेवढं मला कळवा. खिडकीतल्या बाबूचं नाव नको.