भिंतीवर नसलेली नावं

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये मी पहिल्यांदा शिरलो तो पाऊस चुकवायला. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या उंच खिडक्या, पायाखाली नक्षीदार फरश्या. इंग्लंडमधल्या एखाद्या गावचं चर्चच जणू उचलून इथं आणलेलं! १८५८ साली ते उपासनेसाठी खुलं झालं. १९८ फुटी मनोरा १८६५ साली पुरा झाला. फरश्या, बाकं यांचे आराखडे विल्यम बटरफिल्ड या इंग्रज वास्तुकाराचे.

बाकांना खाचा आहेत, त्या बंदुका टेकवण्यासाठी. प्रार्थनेच्या वेळीही शिपायाची बंदूक हाताशी! सिंध-अफगाण मोहिमांत (१८३८ ते १८४३) गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं तिथं कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र एवढंच, की ते इतके होते की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही.

ते वाचलं आणि मला आमचं वैशाखरे आठवलं. गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. माथ्याजवळच्या लेण्यात भिंतींना लागून दगडी बाक आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडलेल्या या लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं यांचे आकडे आहेत. मागच्या भिंतीवरचे राजघराण्याचे पुतळे मात्र गेले. त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरली.

घाट ज्यांनी फोडला, ज्यांच्या पाठीवरून माल वर गेला, त्यांची नावं इथंही नाहीत. माझे आजोबा तांदळाचं ओझं डोक्यावर घेऊन जुन्नरच्या बाजाराला याच वाटेने जात. लेण्यात घटकाभर टेकत. ब्राह्मी सोडा, त्यांना बाळबोधही वाचता येत नव्हतं. पण त्या भिंतीवर त्यांनी कधी ओरखडा काढला नाही.

आता शिकलेली मंडळी सुट्टीत येतात आणि गडांवर, लेण्यांत खडूने, कोळशाने आपली नावं लिहून जातात. अशी रेघ कुणी चर्चच्या बाकावर ओढली तर आपण त्याला अडाणी म्हणू. मग आपल्या लेण्यात ती कशी चालते? परक्यांचं म्हणून चर्चकडे पाठ फिरवू नये आणि आपलं म्हणून लेण्याला गृहीत धरू नये, असं मला वाटतं. दोन्हीकडे बिननावाची माणसं राबली आहेत. भिंत शाबूत राहिली तरच त्यांची आठवण राहील.

आजोबा बजावत, "बाळा, टेक खुशाल, पण अक्षरांना हात लावू नको. ती कुणाची तरी आहेत."