प्राणवायूच्या आकड्यावर विसंबू नका

अत्यवस्थ बालकाच्या बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला आणि पडद्यावर ९६ हा आकडा उमटला की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. त्यांचे ठीक आहे. परंतु यंत्रखरेदीच्या फायलीवर सही करणारे अधिकारीही जेव्हा "चिमटा आहे ना, मग आणखी काय हवे?" असे विचारतात, तेव्हा गप्प बसणे आम्हांस शक्य नाही.

तो चिमटा रक्तातील प्राणवायूची संपृक्तता सांगतो. कर्बवायूविषयी तो मुका आहे. केवळ प्राणवायूकडे पाहण्याची किंमत कोपनहेगनने १९५२ साली मोजली आहे. पोलिओच्या साथीत तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण पटापट दगावत होते. रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे आणि त्याचा अर्थ 'अल्कलीचा अज्ञात विकार' असा लावला जाई. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तो खोडून काढला. हा साचलेला कर्बवायू आहे, प्राणवायू मिळूनही रुग्ण त्यानेच मरत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्टमध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या कंठाला छिद्र पाडून, रबरी पिशवीने तिला श्वास देऊन, त्याने ते सिद्ध केले. पुढे सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने अशा पिशव्या दाबत बसले!

मग रक्त काढून तपासावे, असे कोणी म्हणेल. तपासावेच. परंतु एक किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगात रक्त किती? सुमारे ८५ मिलिलीटर, म्हणजे चहाचा जेमतेम पेलाभर. दर खेपेस अर्धा मिलिलीटर, दिवसातून आठ वेळा, असे दहा दिवस काढले तर ४० मिलिलीटर गेले. शिवाय सुई टोचताच मूल रडते, श्वास कोंडते, आणि आपण मोजतो ते त्या रडण्याचे रक्त. दोन नमुन्यांच्या मध्ये काय घडले ते कोणासच कळत नाही. कर्बवायू फार उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठा आटतो, फार चढला तर मेंदूतील रक्तवाहिन्या फुगतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे चढउतार मेंदूतील रक्तस्रावाशी निगडित आढळले आहेत.

धमनीतच बारीक संवेदक ठेवण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले, पण ते सर्वत्र रुळले नाहीत. कातडीवरून मापन करणारे यंत्र मात्र टिकले. सेव्हरिंगहाउस याने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कर्बवायूच्या विद्युदग्राचेच ते अपत्य. कातडी सुमारे ४२ अंश सेल्सियसपर्यंत तापवून तिच्यातून झिरपणारा कर्बवायू ते अखंड मोजते. रक्ताभिसरण खालावलेल्या मुलात ते फसते, म्हणून अधूनमधून धमनीच्या रक्ताशी ताडून पाहावेच लागते. तरीही चढ कोणत्या घटकेस सुरू झाला हे तेच सांगते. श्वसनयंत्रावरील लहान मुले जेथे सांभाळली जातात तेथे ते असलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फक्त खरेदीपूर्वी एक प्रश्न विचारून घ्यावा. तापलेला संवेदक एकाच जागी राहिला तर अर्भकाची कातडी भाजते. काही तासांनी त्याची जागा बदलावी लागते. रात्री तीन वाजता ती बदलणारी परिचारिका एकटी किती खाटा सांभाळीत आहे?