हरकत नाही

वर्षभर या पानावर मी दुसऱ्यांविषयी लिहीत आले. लोकलमधली चौथी सीट, शेजारच्या काकूंचं लोणचं, पावसाळा आणि परत न येणाऱ्या छत्र्या यांच्याविषयी लिहिताना मला कधी संकोच वाटला नाही. पण दिवाळी अंकासाठी संपादकांनी मोठ्या दिलदारपणे सांगितलं, "यंदा स्वतःविषयी लिहा. तरुण आहात, प्रेमाविषयी लिहा."

आता प्रेमाविषयी लिहावं ते साठी उलटलेल्या माणसानं. त्याला सगळं आठवत असतं आणि घरात जाब विचारणारं कोणी उरलेलं नसतं. सत्ताविसाव्या वर्षी लिहायचं म्हणजे अंक घरी आला, की चहाच्या कपाबरोबर प्रश्न येणार, "कोण गं तो?"

आणि माझी पंचाईत अशी, की तो आहे.

त्याचं नाव इथं देत नाही. ज्यांना हवं असेल त्यांना ते विवाह अधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या भिंतीवर वाचता येईल. तिथं ते माझ्या नावाशेजारी, शिक्क्यासकट लावलेलं आहे. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचं, तर आधी नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत ठळक जागी लावतात, वहीत नोंदवतात, आणि ती वही कोणीही पै न देता पाहू शकतो. मग तीस दिवस वाट पाहायची. तेवढ्या अवधीत कोणाची हरकत असेल, तर त्यानं ती नोंदवावी. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नोटीस रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नोटिशीच्या अर्जात नाव, धंदा, वय, पत्ता आणि अविवाहित आहात की काय, इतकेच रकाने आहेत. 'का करता?' असा रकाना नाही. मला आधी ते थोडं कोरडं वाटलं. मग वाटलं, बरं झालं. तो रकाना भरायला जागा पुरली नसती.

तो वसईचा, तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातला. घरी सामवेदी बोलतात. ती बोली मला निम्मी कळते आणि निम्मी नुसतीच गोड लागते. आजोबांच्या केळीच्या बागेचा एक तुकडा आणि एक बावखल अजून राखून आहेत. आम्ही गोरेगावचे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, आई शाळेत मराठी शिकवत होती, आणि दिवाणखान्यात पंच्याऐंशी वर्षांची आजी. धर्म दोन, आणि कोणीच आपला सोडायचा नाही असं आमचं ठरलेलं. म्हणून ही कचेरी.

तो म्हणाला, "नोटिशीचं काय एवढं? आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं वाचून दाखवतात. कोणाला काही अडचण माहीत असेल तर सांगा म्हणतात." त्यानं आपल्या आईला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. ती एक रात्र रडली आणि सकाळी तिनं विचारलं, "ती मासे खाते का?" मी अजून घरी काहीच बोलले नव्हते.

आमची ओळख कचेरीच्या जिन्यात झाली आणि प्रेम मात्र लोकलमध्ये. एकाच गाडीत, पण दोन डब्यांत. तो पुरुषांच्या, मी बायकांच्या. चर्चगेटला फलाटावर चार वाक्यं, गोरेगावला खिडकीतून हात, आणि मधल्या वेळात मोबाइलवर एकमेकांना निरोप. त्याच्या मनातलं मला कळलं ते कसं, सांगते. तो विरारची फास्ट सोडून माझ्यासाठी बोरिवलीच्या स्लोनं येऊ लागला आणि बोरिवलीला उतरून पुढची गाडी पकडू लागला. परगावच्या वाचकांना यातलं कळायचं नाही, पण वसईच्या माणसानं यापेक्षा मोठा त्याग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शनिवारी आम्ही मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचो. तिथं आमच्यासारखी जोडपी दर दहा हातांवर असतात, आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मुंबईत एकांत म्हणजे दुसरं काय? शहराकडे पाठ करायची. पाठीमागून मोटारी जातात, शेंगदाणेवाला जातो, एखादे ओळखीचे काकाही जात असतील. पण पाठीला डोळे नसतात, आणि लोकही तेवढी दया दाखवतात.

एका पावसाळी संध्याकाळी त्याच्या शर्टाची बाही भिजून मनगटाला चिकटली होती. ते मनगट धरावं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंच नाही वाटलं. पण पुढचं लिहायला बसले, की माझ्या भाषेत दोनच तऱ्हेचे शब्द हाताशी येतात. एक कीर्तनकाराचे आणि दुसरे डॉक्टरांचे. तिसऱ्या तऱ्हेचे आहेत, ते भिंतींवर कोळशानं लिहिलेले असतात. आमच्या घरात 'इच्छा' हा शब्द जेवणाच्या किंवा देवाच्या संबंधातच येतो. 'आज खायची इच्छा नाही' आणि 'जशी देवाची इच्छा'. तेराव्या वर्षी आईनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलं आणि ती ताबडतोब भाजी निवडायला बसली. शरीराविषयीचं आमचं सारं संभाषण एवढंच. उलट बायकांच्या डब्यात, दादर ते अंधेरीच्या दरम्यान, नावही ठाऊक नसलेल्या बायकांकडून मी काय काय ऐकलं आहे! परक्यांना सांगता येतं. घरच्यांना सांगता येत नाही.

नोटिशीचंही तसंच झालं. कायदा म्हणत होता, साऱ्या जगाला सांगा. माझी काही हरकत नव्हती. मला फक्त एका माणसाला सांगायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. रोज लोकलमध्ये वाक्य तयार करायची आणि आईनं दार उघडलं, की म्हणायची, "आज गाडीला काय गर्दी होती!"

अठराव्या रात्री झोप येईना, म्हणून आजीच्या पायाशी जाऊन बसले आणि तिलाच सारं सांगून टाकलं. अंधारात ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भलतंच बोलली.

"१९६० साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले. एक खोली आणि सात माणसं. आमच्या सासूबाई दर शनिवारी कीर्तनाला जायच्या. सासऱ्यांना न्यायच्या, दोन्ही दिरांना न्यायच्या, नणंदेलासुद्धा न्यायच्या. मला म्हणायच्या, 'तू थांब घरी, दुधावर लक्ष ठेव.' आणि तुझ्या आजोबांना म्हणायच्या, 'तू थांब, तिला अंधाराची भीती वाटते.' मला वाटायचं, केवढी भक्ती! त्या गेल्या तेव्हा शेजारीण सांगत होती, कीर्तनात शेवटच्या रांगेत बसून पेंगायच्या म्हणे."

मी हसले. आजी हसली नाही. म्हणाली, "तोंडानं एक अक्षर बोलल्या नाहीत जन्मात. पण जागा केली."

मग म्हणाली, "आमचे अण्णा 'समाजस्वास्थ्य' घ्यायचे. पंचांगाखाली ठेवायचे."

"तू वाचायचीस?"

"पंचांगावरची धूळ मीच पुसत असे."

'समाजस्वास्थ्य' म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांचं मासिक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून हे मासिक. कामजीवनाविषयी शास्त्राच्या भाषेत, उघड मराठीत लिहिलं, म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. नोकरी गेली, पैसा गेला, पण १९५३ साली वारले तोपर्यंत त्यांनी मासिक बंद पडू दिलं नाही. त्यांचे वडील महर्षी कर्वे. त्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांना बहिष्कृत केलं. म्हणजे लग्न कोणाशी करावं, यासाठी बापानं गावाचा रोष पत्करला. आणि त्या लग्नात शरीर नावाची वस्तू असते एवढं म्हणण्यासाठी लेकानं. आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी मी गोरेगावात मनगट हा शब्द लिहिताना अडखळते आहे! आमच्या अण्णा पणजोबांनीही अंक घेतला खरा, पण ठेवला पंचांगाखालीच.

त्या रात्री मला एक उमगलं. गप्प बसणं दोन तऱ्हेचं असतं. एक जागा करून देतं आणि दुसरं दार लावून घेतं. आजीच्या सासूबाईंचं पहिल्या तऱ्हेचं होतं. माझं दुसऱ्या.

बाविसाव्या दिवशी, चकल्या पाडता पाडता, मी आईला सांगितलं. सोऱ्या माझ्या हातात होता म्हणून बरं, खाली बघायला निमित्त होतं. आईनं कढईतली चकली उलटली आणि विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि नोटीस?"

"बावीस दिवस."

"म्हणजे बावीस दिवस कचेरीतल्या शिपायाला ठाऊक आहे, आणि मला नाही."

यावर उत्तर नव्हतं. धर्माचं काही बोलली असती, नातेवाइकांचं बोलली असती, तर माझ्याजवळ उत्तरं तयार होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तर म्हटलं, की नोटीस जाहीर करायची की नाही, हेही जोडप्याच्या मर्जीवर असावं. हे सगळं मी पाठ केलं होतं. ज्यांच्या घरी माणसं काठ्या घेऊन उठतात, त्यांच्यासाठी त्या निकालांचं मोल प्राणाएवढं आहे, आणि त्यांचे तीस दिवस कसे जात असतील या विचारानं आजही अंगावर काटा येतो. पण आमच्या घरात काठी नव्हती. होती ती एक आई, आणि तिची हरकत एवढीच, की मला शेवटी का सांगितलं?

दोन दिवस ती बोलली नाही. माझा डबा मात्र भरलेला असे, आणि त्यात रोजच्यासारखीच पोळी-भाजी. तेच फार लागलं.

तिसऱ्या दिवशी घरी आले, तर आई आजीजवळ बसली होती. माझ्याकडे न बघता आजीला सांगू लागली, "मी आज जाऊन वाचून आले. चष्मा लावून सगळी वाचली. 'अविवाहित'मधला 'वि' दीर्घ काढलाय. तिथला कारकून म्हणाला, 'बाई, हरकत घ्यायची आहे का?' मी विचारलं, कोणकोणत्या हरकती चालतात? तो म्हणाला, वय कमी असेल, आधीचं लग्न असेल, वेड असेल, जवळचं नातं असेल. मी विचारलं, आईला वाईट वाटतं, ही चालते का? नाही म्हणाला."

"मग?" आजीनं विचारलं.

"मग काय? म्हटलं, हरकत नाही. आणि आले."

वाचकहो, 'हरकत नाही' हे दोन शब्द आपण दिवसातून वीसदा बोलतो. सुट्टे नसले तरी म्हणतो, उशीर झाला तरी म्हणतो. त्यांच्यात किती मावतं, हे मला त्या दिवशी कळलं. आईचं वाईट वाटणं संपलेलं नाही. ते त्या दोन शब्दांच्या आत नीट घडी घालून ठेवलेलं आहे, आणि ते उलगडायला मला कदाचित काही वर्षं लागतील. पण दार उघडं आहे. मी रोज थोडं थोडं बोलते. परवा तिनं विचारलं, "त्याला काय आवडतं?" मी मनगटाविषयी काही बोलले नाही, पण स्लो गाडीची गोष्ट सांगितली. ती ऐकून आई म्हणाली, "बोरिवलीला चढायला मिळतं का त्याला?" तीस वर्षं लोकलनं शाळेत गेलेली बाई ती. तिला त्याग कळतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा तीस दिवस पुरे झालेले असतील. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन ठरले आहेत. तिसरी सही आपली, असं आजीनं जाहीर केलं आहे आणि दुपारी जुन्या वहीत ती सराव करते.

बाबांना आईनं सांगितलं. ते अजून काही बोललेले नाहीत. दरवर्षीप्रमाणे बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन गॅलरीत आकाशकंदील करत बसले आहेत. फक्त यंदा दोन करताहेत. एक नेहमीचा, आणि दुसरा पाच टोकांच्या चांदणीचा, वसईत नाताळला दारोदार लावतात तसा.

तो कोणासाठी, ते मी विचारलेलं नाही. त्यांच्या गप्प बसण्यात व्यत्यय आणायची माझी इच्छा नाही.