घरच्या फिशटँकमध्ये छोटे ‘शार्क’ एकत्र ठेवता येतात का? समजून घ्या

निळ्या लाइटमध्ये रांगेत पोहणारे चार-पाच छोटे ‘शार्क’, असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मत्स्यालयाच्या दुकानात दोन-तीन इंचांची ही पिल्लं सहज मिळतात, म्हणून अनेक जण दोन फुटांच्या टाकीसाठी जोडी किंवा चौकडी घेऊन येतात. पुढे काही महिन्यांत मासे टाकीत मावेनासे होतात किंवा एकमेकांच्या जिवावर उठतात. असं का होतं?

हे खरंच शार्क असतात का?

नाही. दुकानात गोड्या पाण्यात ठेवलेले ‘शार्क’ हे शार्क नसतातच. त्यांच्या पाठीवरचा त्रिकोणी पर आणि शरीराचा आकार शार्कसारखा दिसतो, एवढंच. बाला शार्क, रेनबो शार्क आणि रेड टेल शार्क हे रोहू-कटल्याच्या कुळातले मासे आहेत. नुसता ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी किंवा पांढरा मासा बहुतेकदा पंगस असतो. हॉटेलात ‘बासा’ नावाने जे मिळतं, तेही बऱ्याचदा याच माशाचं मांस असतं.

खरा शार्क म्हणजे कोकणातली मुशी किंवा मोरी.

मग कोणाला कोणाबरोबर ठेवायचं?

सगळ्यांना एकच नियम लावला की गडबड होते.

• बाला शार्क : कळपात राहणारा मासा. एकटा ठेवला तर बुजतो, त्यामुळे किमान पाच तरी हवेत. पण प्रत्येक मासा सुमारे एक फुटापर्यंत वाढतो. घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीला झाकण हवंच.

• रेनबो आणि रेड टेल शार्क : हे पाच-सहा इंचांचेच राहतात, पण आपली हद्द राखतात. दोघांना एका टाकीत ठेवलं तर वरचढ मासा दुसऱ्याला सतत पळवतो आणि त्याचे पर कुरतडतो. टाकीत यांपैकी एकच ठेवावा.

• पंगस : हाही कळपातला, पण घरच्या टाकीसाठी नाहीच. पूर्ण वाढला तर तो एक मीटरहून लांब होऊ शकतो. दचकला की काचेवर आपटून जखमी होतो.

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे खरं आहे का?

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, पण ती पाणी खराब झाल्यामुळे आणि हालचालीला जागा नसल्यामुळे. त्याचा पाठीचा कणा वाकू शकतो आणि आयुष्यही कमी होतं.

गणित साधं आहे. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. फूटभराच्या पाच माशांनी त्यात नीट वळायचं कसं? शिवाय त्यांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया एवढ्याशा पाण्यात झपाट्याने वाढतो. ५ × २ × २ फुटांची टाकी घेतली तर ५६० लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे फ्लॅटच्या फरशीवर अर्ध्या टनाहून जास्त भार आला.

खरा छोटा शार्क पाळता येईल का?

परदेशात काही जण बांबू शार्क पाळतात. हा शार्क तळाशी राहतो आणि सुमारे एक मीटरपर्यंत वाढतो. त्याला खारं पाणी, हजारो लिटरची टाकी, ताकदीचा फिल्टर आणि पाण्याचं तापमान सांभाळणारी यंत्रणा लागते. माशांच्या आजारांवर वापरलं जाणारं तांबेयुक्त औषध शार्कसाठी घातक ठरतं. शिवाय भारतात शार्कच्या काही प्रजातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्या पकडणं किंवा विकणं गुन्हा आहे.

मोठा झालेला मासा तलावात सोडला तर?

खरा धोका इथेच आहे. ‘मारण्यापेक्षा सोडून देऊ’ ही भावना चांगली असली, तरी परदेशी मासा स्थानिक माशांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतो. टाकीची काच साफ करायला आणला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आज तो उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. पंगसही भारतातला नाही. तो १९९० च्या दशकात शेतीसाठी बांगलादेशातून आला.

घेण्यापूर्वी काय विचारायचं?

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : माशाचं नेमकं नाव काय, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि तो कळपात राहतो की एकटा? उत्तर ‘लहानच राहतो’ एवढंच मिळालं, तर आधी मोबाइलवर त्या नावाचा पूर्ण वाढलेला मासा शोधून पाहा.

आधीच घेतला असेल आणि टाकी अपुरी पडत असेल, तर दुकानदाराला परत घेण्याची विनंती करा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी पालकाकडे तो सोपवा. नदी, विहीर किंवा तलावात मात्र सोडू नका.