टिटवी ओरडली की मागे फिरा

राधानगरी धरणाचे पाणी उन्हाळ्यात उतरू लागले की कोल्हापूरकरांना बेनझीर व्हिलाची आठवण होते. संस्थानी काळातली ही वास्तू एरवी पाण्याने वेढलेली. पाणी खाली गेले की तळाची जमीन उघडी पडते आणि बेटावर चालत जाता येते. मग शनिवार-रविवारी डबे बांधून माणसे निघतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्हीही असेच निघालो. भेगाळलेल्या गाळावरून बेटाच्या कडेला पोहोचतो न पोहोचतो तोच एकाने हात आडवा धरला. "दादा, हितनं नको. जरा मागं सरा." गळ्यात दुर्बीण, डोक्याला पंचा, हातात वही. सोबत कॉलेजची तीन पोरे आणि एक निवृत्त शिक्षिका. उजाडायच्या आत घर सोडलेली ही पक्षीवेडी मंडळी कधीची तिथे बसून होती. त्यांनी बोट दाखवले तिकडे मला नुसते खडे दिसले. बाईंनी दुर्बीण हातात दिली तेव्हा त्या खड्यांतून चार अंडी वेगळी झाली. मातकट, काळपट ठिपक्यांची, निमुळती टोके आत वळवून मांडलेली. घरटे म्हणावे तर काडीसुद्धा नाही. उघड्या जमिनीवरचा उथळसा खळगा, एवढेच.

आमच्या डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. कोंबडी अंड्यांना ऊब देते हे आपल्याला ठाऊक असते. भर उन्हाळ्यात टिटवीला अंडी निववावी लागतात, हे मला त्या दिवशी कळले. ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. कधी नुसती उभी राहून सावली धरते. साधारण चार आठवडे हे चालते. "आपण घरट्याजवळ घोटाळलो की ती परत येत नाही," बाई म्हणाल्या, "आणि तेवढ्यात आतला जीव उन्हानं भाजून निघतो." आपले फोटो काढून होईपर्यंत तिकडे हे घडलेले असते.

आम्ही लांब सरकून झुडपाआड बसलो. टिटवी उतरली ती घरट्यापासून दूर. चार पावले चालली, थांबली, उगीच जमीन टोचली, पुन्हा चालली. मग पिसे फुलवून अलगद बसली. पोरांपैकी एकाने वेळ वहीत टिपली. या लोकांना कुणी नेमलेले नाही, की कुणी भत्ता देत नाही. तरीही सुट्टीचा अख्खा दिवस त्यांनी चार अंड्यांपाशी काढला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून वळसा घालायला लावला.

राधानगरी म्हटले की आपल्याला गवा आठवतो. 1958 पासूनचे अभयारण्य, 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले पश्चिम घाटातले जंगल, याचा अभिमान रास्तच आहे. पण धरणाच्या उघड्या काठावर अंडी घालणाऱ्या पाखरांचा विचार त्या अभिमानात बसत नाही. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, तो चांगलाच आहे. टिटवीला मात्र माणसाच्या संयमाची गरज लागते ती एप्रिल-मे महिन्यांत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणे ही शिकारच धरली आहे. हे सांगणारा एक फलक बेटाच्या वाटेवर लावायला आणि घरट्यांभोवती दोन महिने दोरी बांधायला वन विभागाला आणि पाटबंधारे खात्याला कितीसा खर्च येणार? जागा कुठल्या, हे ही वहीवाली मंडळी दाखवतील. त्यांना नुसते विचारायला हवे.

टिटवीही समुद्र आटवते, अशी आपली म्हण आहे. त्या गोष्टीतली टिटवी समुद्राशी भांडली ती अंड्यांसाठीच. आज तिचे भांडण आपल्याशी आहे.

यंदा बेनझीरला जाल तर मळलेली वाट सोडू नका, कुत्री बरोबर नेऊ नका. आणि डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडू लागली, तर आल्या पावली मागे फिरा.